कोरडी काख

चंद्रपूर जिल्ह्यात राहून घामाची किळस करणारी माणसं मी पाहिली आहेत. नदीकाठी घर बांधायचं आणि ओलाव्याच्या नावानं बोटं मोडायची, तसं ते. पण अशांच्या घरी कूलर असतो, त्यामुळे त्यांचा मूर्खपणा चारचौघांत टापटीप म्हणून खपतो. त्यांची महाराणी म्हणजे भद्रावतीच्या आमच्या खाजगी शाळेची मुख्याध्यापिका. संस्था नवऱ्याची, त्यामुळे खुर्ची चालत आलेली. आयत्या बिळावर नागोबा. बाई मूळची वर्ध्याकडची, पण बोलणं असं, की जणू कालच पुण्याहून उतरली आहे. "आपल्याकडे ऑफिसर्सची मुलं येतात," हे तिचं पालुपद होतं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतली मोजकी मुलं सोडली तर वर्ग भरलेले होते खाणकामगारांच्या, दुकानदारांच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोरांनी. ती पोरं तिला दिसायची नाहीत, फक्त त्यांची फी दिसायची.

शिक्षिकांना तिनं गणवेश लावला होता. फिकट आकाशी रंगाची पॉलिस्टरची साडी आणि त्याच कापडाचं, कॉलरवालं, गच्च बाह्यांचं ब्लाउज. सुती चालणार नाही, कारण सुती चुरगळतं आणि शिक्षिका चुरगळली की शाळा चुरगळते, असं तिचं तत्त्वज्ञान. स्वतः ती मात्र कूलरच्या खोलीत मऊ सुती साडी नेसून बसायची. आकाशीसारखा चुगलखोर रंग दुसरा नाही. पाण्याचा एक थेंब पडला तरी गडद डाग उमटतो आणि शेवटच्या बाकापर्यंत दिसतो.

आणि मला घाम फार येतो. लोकांना येतो तसा नाही, त्याहून पुष्कळ जास्त आणि मुख्यतः काखेत. डिसेंबरातसुद्धा. मी विज्ञान आणि गणित शिकवायची, म्हणजे दिवसभर हात वर करून फळ्यावर लिहायचं. पहिल्या तासाला काखेखाली वाटीएवढा डाग, तिसऱ्या तासाला ताटाएवढा आणि मधल्या सुट्टीनंतर तो कमरेकडे उतरायला लागायचा. पोरांना त्याचं काही वाटत नव्हतं, त्यांचे स्वतःचे सदरे पाठीला चिकटलेले असायचे. वाटायचं ते स्टाफरूमला. तेव्हा टीव्हीवर दर दहा मिनिटांनी कुणीतरी गोरी पोरगी हात वर करून फवारा मारायची आणि तिच्यामागे पोरं धावायची. ते पाहून आमच्या स्टाफरूममधल्या बायांना अचानक एकमेकींचे वास येऊ लागले होते. त्याआधी वर्षानुवर्षं त्या एकाच खोलीत डबे खात होत्या आणि कुणाला कसला वास आला नव्हता.

एकदा मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये आली, पर्समधून फवाऱ्याची बाटली काढली आणि मी वह्या तपासत बसलेली असताना माझ्यावर फुसफुस मारून गेली. झुरळावर मारतात तसा. जाताना म्हणाली, "मासे खाऊन येता का हो सकाळी?" मी गडचिरोलीतल्या आरमोरीकडच्या ढिवर घरातली, म्हणजे मासेमारांतली, हे तिला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? माझी आई येता-जाता कुणाबरोबर मरळ पाठवायची, ती तिच्याच स्वयंपाकघरात जात होती आणि रविवारी तिचे साहेब बोटं चाटून जेवत होते. मासा ताटात आला की पक्वान्न आणि ढिवराची पोरगी खुर्चीवर बसली की वास.

तोंड शिवून बसायला मला कारण होतं. माझी कच्ची नोकरी संपत आली होती आणि पक्की करायची की नाही हे त्या बाईच्या हातात होतं. आणि त्या पक्क्या नोकरीवर आईचं तलावातून बाहेर येणं अवलंबून होतं.

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावचा तलाव मे महिन्यात आटत आटत चिखलाच्या डबक्याएवढा होतो. तेव्हा सगळे ढिवर सकाळपासून त्यात उतरतात आणि हातानं चाचपून चिखलातली मरळ काढतात. वर्षभराच्या कमाईतला मोठा भाग त्या थोड्या दिवसांत होतो, म्हणून कुणी दुपारी बाहेर यायला तयार नसतं. मी प्राथमिक शाळेत असताना एका अशाच दुपारी आई शिदोरी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेली, तर बाबा बाभळीखाली बसले होते. तोंड धुतलेलं, कपाळ ओलं. म्हणाले, "आज घामच नाई येऊन राह्यला. बरं वाटून राह्यलं." आईला ते ओलं कपाळ दिसलं आणि ती निर्धास्त झाली. ते परत उतरले. तिसऱ्या प्रहरी लोकांनी त्यांना उचलून आणलं, तेव्हा ते असंबद्ध बोलत होते. आईनं त्यांच्या काखेत हात घातला. काख कोरडी ठणठणीत आणि तव्यासारखी तापलेली होती. दिवस मावळायच्या आत ते गेले.

तेव्हापासून आईचा एक नेम झाला. उन्हातून घरी कुणीही येवो, मी, काका, शेजारची सून, पाहुणा, ती आधी त्याच्या काखेत हात घालायची. ओली लागली की हात लुगड्याला पुसायचा आणि आपल्या कामाला लागायचं. "कपाळावरचा घाम खोटा असते, काखेतला खरा," असं म्हणायची. गावात तिच्यावर लोक हसायचे. हसणाऱ्यांना कुणाची काख शेवटची कधी चाचपली होती ते आठवायचं कारण नव्हतं. आणि त्याच तलावात, त्याच उन्हात ती स्वतः दर वर्षी उतरत होती, कारण दुसरं करणार काय? मी नोकरीला लागले तेव्हा तिनं माझ्याकडून काही कबूल करून घेतलं नाही, उलट स्वतःच कबूल केलं: "तुई नोकरी पक्की झाली का मी तलावात उतरनं बंद. मंग तू म्हनशीन तसं." म्हणून मी फवारा खाल्ला आणि गप्प बसले.

त्या वर्षी एक मे रोजी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. झेंडावंदन, निकाल आणि उद्घाटन एकाच दमात, मंडप एकाच भाड्यात. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी येणार होते आणि त्यांच्या हातून आम्हा दोघीतिघींना पक्क्या नेमणुकीच्या ऑर्डर मिळणार होत्या. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज खणखणीत आहे आणि बाकीच्यांना माइक दिसला की ठसका लागतो. मुख्याध्यापिकेनं मला खोलीत बोलावलं. मी खुर्चीवर बसणार नाही याची काळजी घेत, म्हणजे खुर्चीवर फाइली ठेवून, ती म्हणाली, "तुमचा तो प्रॉब्लेम स्टेजवर चालणार नाही. कॅमेरा असेल. माझी भाची नागपूरला स्किन स्पेशालिस्ट आहे. तिच्याकडे नवी ट्रीटमेंट आलीय. इंजेक्शनं दिली की घाम बंद. तुम्ही जाऊन या, मी बोलते तिच्याशी. आणि मग ऑर्डरचं बघू."

भाचीला दया आली होती असं नाही. तिनं नुकताच दवाखाना टाकला होता आणि तिला आधीचे-नंतरचे फोटो हवे होते. पैसेवाल्या बायका फोटो काढू देत नाहीत. माझ्यासारखीच्या काखेला मात्र अब्रू नसते, तेव्हा काम फुकटात ठरलं. गाढव आपणच, वर ओझंही आपणच वाहायचं.

नागपूरचा तो दवाखाना म्हणजे बर्फाचा कारखाना होता. बाहेर अंगाची लाही आणि आत दातखीळ. भिंतीवर हात वर केलेल्या गोऱ्या बायांची चित्रं, काखा अशा की जणू तिथं कधी काही उगवलंच नाही. घाम बंद करायच्या दवाखान्यात घाम येईल तर शपथ. त्यामुळे डॉक्टरीणबाईची पंचाईत झाली, कारण घाम नेमका कुठं येतो हे आधी बघायचं असतं. मग मला बाहेर जिन्यात उभं केलं. जिन्यात उभी राहून घाम गाळायला पैसे देऊन नागपूरला यावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे एसटीचे तरी माझेच गेले.

घाम आल्यावर आत बोलावलं. दोन्ही काखांना आयोडीन फासलं, वरून पांढरी पिठी भुरभुरली. जिथं जिथं घाम होता तिथं पिठी काळीनिळी झाली. मी सातवीला पिष्टमय पदार्थांची परीक्षा शिकवते. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकते आणि पोरं "काळं झालं, काळं झालं" म्हणून ओरडतात. त्या दिवशी बटाटा मी होते. भाचीबाई आणि तिची नर्स वाकून बघत होत्या आणि भाचीबाई इंग्रजीत काहीतरी कौतुकाचं बोलली. मग तिनं फोटो काढले, अगदी जवळून. "चेहरा येणार नाही," असा दिलासाही दिला. माझ्या चेहऱ्याची तिला काय गरज होती?

मग पेनानं चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत बारीक सुई. काखेची कातडी किती पातळ असते ते सुई टोचल्याशिवाय कळत नाही. मी ओठ चावून छताकडे पाहत होते आणि ती मला विचारत होती, "गडचिरोलीला म्हणजे जंगलातच राहता का तुम्ही? वाघ वगैरे?" मी म्हटलं, "वाघ आहे, पण त्याला घाम येत नाही, म्हणून तो इकडे आला नाही." नर्स हसली. भाचीबाईला काही कळलं नाही. शेवटी तिनं समजावून सांगितलं, की दहाएक दिवसांत घाम थांबेल, सहा-आठ महिने परिणाम राहील, शरीराला काही अपाय नाही, बाकीच्या अंगाला घाम येतोच. ते खरंच होतं. त्या सगळ्या प्रकारात खरं एवढंच होतं.

दहाबारा दिवसांनी माझ्या काखा कोरड्या झाल्या. पाठ वाहत होती, पोटऱ्या वाहत होत्या, पण काखा मात्र दिवाळीच्या रांगोळीसारख्या सुक्या. आकाशी ब्लाउजच्या काखेत डाग नाही. स्टाफरूममध्ये बाया येऊन बघून जायच्या, हात वर करायला लावायच्या. मुख्याध्यापिकेनं पाहिलं आणि "बघा, इच्छा असली की होतं," असं म्हणाली. इच्छा माझी नव्हती, सुई तिच्या भाचीची होती आणि बढाई तिची. तरी मी मान डोलावली. घरी मी काही सांगितलं नव्हतं. काखेत सुया टोचून घेतल्या, हे एसटीडी बूथमधून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. फक्त एवढं कळवलं, की एक मेला ऑर्डर मिळणार आहे, तू ये.

एक मे उजाडला तोच तापलेला. झेंडावंदन सकाळी लवकर आटोपलं. पाहुणे नऊला येणार होते. नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. पुढारी वेळेवर आला तर त्याला पुढारी कोण म्हणेल? मंडपाचं कापड वरून तापत होतं आणि खाली माणसं भाताच्या हंड्यासारखी शिजत होती. पुढच्या सोफ्यांवर कॉलनीतले अधिकारी, त्यांच्या बायका, संस्थेचे लोक. टापटिपीची सगळी मंडळी. पावडर गळ्यापर्यंत उतरलेली, सफारीच्या पाठीवर नकाशे. मुख्याध्यापिका त्या दिवशी रेशमी साडी नेसली होती. तिच्या ब्लाउजची अवस्था पाहून मला फवाऱ्याची बाटली आठवली, पण माझ्याकडे बाटली नव्हती.

मी सकाळपासून माइकच्या कठड्याला टेकून उभी होते. पोटात चहाशिवाय काही नाही. तोंडावर मुख्याध्यापिकेनं स्वतःच्या हातानं थापलेला पावडरीचा थर. पाहुण्यांचं कौतुक करायला दिलेली वाक्यं मी तीनदा म्हणून संपवली होती. मधेच आई आली. पहिल्या गाडीनं आरमोरीहून निघून गडचिरोली, चंद्रपूर करत ती थेट मंडपात पोचली होती. शेवटच्या रांगेत, शिपायांच्या घरच्या माणसांजवळ बसलेली मला दिसली. मी लांबूनच मान हलवली. तिनं हात वर केला आणि मग ती माझ्याकडे टक लावून बघत बसली. मला वाटलं, कौतुकानं बघते आहे.

पाहुणे आले. हार झाले, दीप झाला. मी हात वर करून टाळ्यांसाठी खूण करत होते. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्यासाठी मुख्याध्यापिका पुढे आली, फोटोवाला वाकला आणि तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून आई स्टेजवर चढली. कुणाला काही कळायच्या आत ती माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या काखेत हात घातला. आधी ब्लाउजवरून, मग बाहीतून आत बोटं सारून. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोरडी हाय," ती म्हणाली. माइक माझ्यापुढे होता, त्यामुळे ते सगळ्या मंडपानं ऐकलं. "बाप्पा, कोरडी ठनठन हाय! माई पोरगी उन्हानं चालली! अवो, धावा ना कोनी!"

पाहुण्यांसमोर थंड पाण्याचा जग होता. तिनं तो उचलला आणि माझ्या डोक्यावर पालथा केला. बर्फाचे खडे माझ्या कॉलरमध्ये गेले. तिनं त्या गच्च कॉलरची गुंडी उपटून काढली, मला खाली बसवलं, कमरेच्या चंचीतून कांदा काढला, उन्हाळ्यात आमच्याकडची बाई कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाही, तो पायाखाली फोडला आणि माझ्या तळव्यांना, कानामागे चोळायला लागली. हे सगळं पाहुण्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर. शाल मुख्याध्यापिकेच्या हातात तशीच होती.

आणि लोक हसायला लागले. आधी सोफ्यावरचे, मग मागचे. कॉलनीतल्या एका साहेबाच्या बायकोनं तर रुमाल तोंडाला लावला, कांद्याचा वास येत होता म्हणून. एक बाई आपल्या पोरीचा जीव वाचवते आहे असं तिला वाटतं आहे आणि हे लोक नाकाला रुमाल लावतात. अशा माणसांना मी तेव्हापासून जनावरांतही धरत नाही, कारण जनावरं आपल्यातलं एक पडलं तर थांबून हुंगतात तरी.

पाहुण्यांनी विचारलं, "कोण आहे ही बाई?"

मुख्याध्यापिका म्हणाली, "माहीत नाही, गावातलं कुणीतरी असेल."

मी खालूनच माइकची दांडी ओढली आणि म्हणाले, "माझी आई आहे." माझ्या केसांतून पाणी गळत होतं. माइक चांगला होता, आवाज मागपर्यंत गेला.

"मग सांगा ना त्यांना!" मुख्याध्यापिका दातओठ खात माझ्या कानाशी म्हणाली. "इंजेक्शन घेतलंय म्हणून सांगा!"

मी आईचे हात धरले. "आई, मला काही झालं नाही. मी सुई घेतली आहे. घाम बंद व्हायची सुई. म्हणून कोरडी आहे."

तिचे हात थांबले. मला आधी वाटलं, तिला समजलं नाही. तिला समजलं होतं, पण ते खरं वाटत नव्हतं.

"घाम बंद कराची सुई?" ती म्हणाली. "अशी सुई असते? आन् तू आपल्या मनानं घेतली?"

"यांनी घ्यायला लावली. नोकरीसाठी."

तिनं वर पाहिलं. समोरचे सोफे पाहिले, भिजलेल्या सफारी पाहिल्या, पाहुण्यांच्या झब्ब्याच्या काखा पाहिल्या आणि शेवटी मुख्याध्यापिकेच्या रेशमी ब्लाउजकडे पाहिलं, ते कोपरापर्यंत भिजलं होतं. मग तिनं त्या बाईला, अगदी शांतपणे, जसं शेजारणीला मिठाचं विचारावं तसं विचारलं:

"बाई, तुमी तं सारे वले हा. मंग माया पोरीलेच काऊन कोरडी केली?"

पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ते घड्याळाकडे बघत उठले. ऑर्डरी वाटल्या गेल्या, माझं नाव पुकारलं गेलं नाही. नंतर खोलीत बोलावून मुख्याध्यापिकेनं सांगितलं, की संस्थेच्या प्रतिमेला धक्का बसला आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते मला कळत होतं. मी कपडे बदलून आले आणि ती आकाशी साडी घडी घालून तिच्या टेबलावर ठेवली. ओलीच होती. तिच्या फाइली भिजल्या याचं मला आजही बरं वाटतं.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली नाही, मला बसवलं. चंद्रपूरपासून आरमोरीपर्यंत तिचा हात माझ्या काखेत होता. मधेमधे ती डोळे मिटायची, पण हात काढायची नाही. गाडीतले लोक बघत होते. बघू दे.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. बाया येऊन काखा चाचपून जायच्या आणि "सुईनं घाम बंद करतेत म्हने, उद्या सुईनं भूकबी बंद करतीन," असं म्हणून हसायच्या. त्या हसण्याचा मला राग आला नाही, त्या हसत होत्या नागपूरला. आई मात्र हसत नव्हती. ती मला कैरीचं पन्हं पाजायची, हरभऱ्याचा वाळलेला पाला भिजवून अंगाला चोळायची. डॉक्टरीण म्हणाली होती तसं बाकीच्या अंगाला घाम येतो, पाठ बघ, असं मी दहादा सांगितलं. तिनं पाठ पाहिली, मान हलवली आणि परत काख चाचपली. "तुया बापाचंबी कपार वलं होतं," एवढंच म्हणाली.

तलाव आटला. मी म्हटलं, मी उतरते, तू बस. ती ऐकेना. "कोरड्या मानसानं उन्हात उतरू नाई." तेव्हा त्या वर्षी आईच उतरली. पक्की नोकरी लागली असती तर ती घरी बसली असती, त्यासाठी मी काखा टोचून घेतल्या आणि नेमक्या त्या टोचलेल्या काखांमुळेच तिला चिखलात उतरावं लागलं. मी बाभळीखाली शिदोरी घेऊन बसले. दर थोड्या वेळानं तिला हाक मारायची, ती कंटाळत पाळीवर यायची आणि मी तिच्या काखेत हात घालायची. ओली. "जा," म्हणायची मी. असे सगळे दिवस काढले. त्या दिवसांत मी मुख्याध्यापिकेला ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या आमच्या बोलीतल्या होत्या, पुण्याच्या बोलीत तेवढा दम नाही.

दिवाळीनंतर, धान कापायच्या दिवसांत, एका संध्याकाळी आईनं सवयीनं माझ्या काखेत हात घातला आणि काढला. बोटांकडे बघितलं. परत घातला. मग अंगणात उभ्या असलेल्या काकूला ओरडून सांगितलं, "आला वो, पोट्टीले घाम आला!" जणू मला मुलगा झाला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला पहिल्यांदा माझ्या घामाची लाज वाटली नाही. त्याआधी वाटायची, हे लिहायला काय हरकत आहे?

पुढच्या वर्षी तलाव आटला तेव्हा मी तिला विचारलं नाही. पदर खोचला आणि उतरले. आई पाळीवर, बाबांच्या बाभळीखाली बसली, मांडीवर शिदोरी, कमरेला कांदा. मरळ हाताला लागली की निसटते, चिखल मांड्यांपर्यंत येतो आणि ऊन तर डोक्यात खिळा ठोकावा तसं. थोड्या वेळानं वरून हाक आली.

"ये वर. पाहू दे."

मी चिखलातून वर चढले आणि हात वर केला. तिनं काखेत हात घातला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "वली हाय. जा."